मराठी जोडाक्षरांसाठी बारा बटणांचा यूएसबी पॅड: बोर्ड, वायरिंग आणि ‘ज्ञ’ नेमका कुठे तयार होतो

प्रश्न थोडक्यात असा: मराठी टायपिंगसाठी बारा बटणांचा छोटा यूएसबी पॅड घरी बनवायचा आहे. ज्ञ, क्ष, श्र, ऱ्य, ॲ ही अक्षरं एका दाबात उमटायला हवीत. हाताशी अर्डुइनो उनो (आर३) आणि रास्पबेरी पाय पायको असे दोन बोर्ड आहेत. कोणता वापरायचा? डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतील का? आणि कोडमध्ये ‘ज्ञ’ लिहिल्यावर प्रोग्रॅम बिनतक्रार बोर्डात जातो, पण बटण दाबल्यावर काहीच का उमटत नाही?

आधी शेवटचा प्रश्न घेऊ, कारण बाकीची सगळी रचना त्याच्या उत्तरावर ठरते. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो फक्त कळीचा क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या एचआयडी नियमांत (कीबोर्ड, माउस अशा उपकरणांसाठीच्या नियमांत) प्रत्येक कळीला ठरलेला क्रमांक आहे: ए म्हणजे ४, झेड म्हणजे २९, एंटर म्हणजे ४०. साधा कीबोर्ड दर वेळी ८ बाइटचा अहवाल पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये डाव्या-उजव्या कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि विंडोज कळांचे आठ बिट असतात, दुसरा बाइट रिकामा असतो आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक असतात. ४ या क्रमांकाचा ‘a’ करायचा की ‘ो’, हे संगणकात निवडलेली भाषेची मांडणी ठरवते. एचआयडीच्या तक्त्यात ‘ज्ञ’ला क्रमांक नाही. त्यामुळे कोडमध्ये तो लिहिला तरी पाठवायला काही उरत नाही आणि लायब्ररी ते अक्षर मुकाट्याने गाळते.

म्हणजे ‘ज्ञ’ संगणकातच तयार करून घ्यावा लागतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग इनस्क्रिप्टचा. ही मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर उपलब्ध आहे. पॅडने एका दाबात तीन कळांचे ठोके पाठवायचे. ज्ञ साठी पी, डी आणि शिफ्टसह उजवा चौकटी कंस, म्हणजे ज, हलन्त, ञ. क्ष साठी के, डी आणि शिफ्टसह स्वल्पविराम. श्र साठी शिफ्टसह एम, मग डी, मग जे. त्र साठी एल, डी, जे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा तर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह हवा तर शेवटी तिरक्या रेघेऐवजी यू. या दोन्हींत सुरुवात शिफ्टसह जे नेच हवी. साध्या जे ने केली तर रफार येतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. काही मांडण्यांत शिफ्टसह अंकांच्या कळांवर ज्ञ, क्ष आयते असतात, पण ते सगळीकडे सारखे मिळत नाहीत. तीन ठोक्यांचा क्रम जास्त भरवशाचा.

या मार्गाची अडचण अशी की संगणकात त्या वेळी मराठी चालू आहे की इंग्रजी, हे पॅडला कळत नाही. इंग्रजी चालू असेल तर ‘ज्ञ’ऐवजी ‘pd}’ उमटतं. पुष्कळ जण पॅडवर विंडोज आणि स्पेस ही जोडी ठेवतात, पण ती जोडी फक्त पुढच्या भाषेवर नेते. कुठे पोहोचलो ते पॅडला माहीत नसतंच. त्यापेक्षा विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये इनपुट भाषेच्या हॉटकीचा जो भाग आहे, तिथे मराठीला स्वतंत्र जोडी द्या, उदाहरणार्थ कंट्रोल-शिफ्ट-१. मॅक्रोने (एका दाबात जाणाऱ्या ठोक्यांच्या क्रमाने) आधी ती जोडी पाठवायची, १०० मिलिसेकंद थांबायचं आणि मग अक्षराचे ठोके द्यायचे. मराठी आधीच चालू असेल तर त्या जोडीने काही बिघडत नाही. मात्र संगणकावर फोनेटिक किंवा रेमिंग्टन मांडणी निवडलेली असेल तर वर दिलेले क्रम चालणार नाहीत.

दुसरा मार्ग युनिकोडच्या क्रमांकाचा. लिनक्सवर आयबस ही टायपिंगची यंत्रणा चालू असेल तर कंट्रोल-शिफ्ट-यू, मग ०९१सी, मग स्पेस दिल्यावर ज उमटतो. विंडोजवर यासाठी विनकंपोज नावाचा प्रोग्रॅम लागतो. ज्ञ मध्ये तीन संकेतांक आहेत, म्हणून हे सगळं तीनदा करावं लागतं, म्हणजे एका अक्षरासाठी पंधरा-वीस ठोके. शिवाय ते अंक आणि रोमन अक्षरं टाइप होताना इंग्रजी मांडणीच चालू असावी लागते. मराठी लिहिण्यासाठीच मराठी बंद करायला लावणारा हा मार्ग रोजच्या कामाला घेऊ नका.

तिसरा मार्ग सगळ्यांत सरळ आहे आणि रोज एकाच संगणकावर काम असेल तर तोच घ्यावा. एचआयडीच्या तक्त्यात एफ१३ ते एफ२४ अशा बारा कळा आहेत, क्रमांक १०४ ते ११५. आजच्या बाजारातल्या बहुतेक कीबोर्डवर त्या नसतात, त्यामुळे विंडोजमध्ये त्या जवळजवळ मोकळ्या आहेत. बारा बटणं, बारा मोकळ्या कळा. पॅडने फक्त एफ१३ पाठवायचा आणि संगणकावर ऑटोहॉटकी (कळांना हवी ती कामं जोडणारा विंडोजचा प्रोग्रॅम) याच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या कळीपुढे दोन कोलन, सेंडटेक्स्ट हा आदेश आणि अवतरणात ‘ज्ञ’ लिहायचा. भाषा कोणतीही चालू असो, तेच अक्षर येतं. अक्षर बदलायचं तर बोर्डाला हात लावावा लागत नाही, मजकुराच्या फाइलमधली एक ओळ बदलली की झालं.

‘ॲ’ साठी हाच मार्ग योग्य आहे, आणि त्याचं कारण मराठी मजकुराशी काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. युनिकोडमध्ये ॲ ला ०९७२ हा स्वतःचा संकेतांक आहे. अ आणि त्यावर ॅ असे दोन तुकडे टाइप केले तरी दिसायला तेच अक्षर दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते वेगळं असतं. मग ‘ॲप’ शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत आणि याद्यांचा अकारविल्हे क्रम चुकतो. फाइलमध्ये ०९७२ एकदाच नीट लिहून ठेवा, पुढे दर वेळी तोच जाईल.

ऑटोहॉटकीची जुनी पहिली आवृत्ती असेल तर सेंडटेक्स्ट हा आदेश तिथे नसतो, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बीओएम खुणेसह साठवा, नाहीतर ‘ज्ञ’च्या जागी कचरा उमटतो. दुसऱ्या आवृत्तीत यूटीएफ-८ गृहीतच धरलेलं आहे. एखादा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला असेल तर साध्या अधिकाराने चाललेली स्क्रिप्ट तिथे पोहोचत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एफ१३ पासूनच्या काही कळा आधीच दुसऱ्या कामांना बांधलेल्या असतात, तिथे त्या मोकळ्या करून घ्याव्या लागतील. कृतिदेवसारखे युनिकोडपूर्व फॉन्ट वापरून छपाईचं काम होतं तिथे मात्र हा पॅड असा चालणार नाही, कारण तिथे ‘ज्ञ’ हा युनिकोडचा ज्ञ नसतो.

आता बोर्ड. पायको घ्या. उनो आर३ वरच्या एटीमेगा३२८पी या मुख्य चिपला यूएसबी बोलता येत नाही. यूएसबीचं काम शेजारची दुसरी चिप करते, तीही फक्त सिरीअल पोर्ट म्हणून. मूळ बोर्डावर ती एटीमेगा१६यू२ असते आणि तिच्यातलं फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम) बदलून कीबोर्ड बनवता येतो, पण तो खटाटोप पायको हाताशी असताना करण्याजोगा नाही. स्वस्त उनोंवर सीएच३४० असते, तिचा कीबोर्ड होतच नाही. बोर्ड निवडताना एवढंच बघायचं की मुख्य चिपमध्येच यूएसबी आहे का. प्रो मायक्रोच्या एटीमेगा३२यू४ मध्ये आहे, पायकोच्या आरपी२०४० मध्ये आहे, ईएसपी३२ च्या एस२ आणि एस३ मध्ये आहे. मूळ ईएसपी३२ मध्ये नाही. सी३ च्या यूएसबीवर फक्त सिरीअल आणि डीबगिंग होतं, म्हणून तो कीबोर्डसाठी फसवा आहे.

डायोड लागणार नाहीत. मॅट्रिक्सच्या, म्हणजे बटणं ओळी आणि स्तंभांच्या सामाईक तारांवर जोडण्याच्या, आकृत्या सगळीकडे दिसतात म्हणून बारा बटणांनाही मॅट्रिक्स करायची पद्धत पडली आहे, पण पायकोवर २६ पिना मोकळ्या आहेत. प्रत्येक बटणाला स्वतःची पिन द्या. बटणाचं एक टोक पिनेला, दुसरं ग्राउंडला, झालं. वेगळा रोधकही नको, कारण आरपी२०४० मध्ये साधारण ५० ते ८० किलोओहमचा अंतर्गत पुल-अप असतो. बटण मोकळं असताना पिन ३.३ व्होल्टवर राहते, दाबलं की शून्यावर येते. पायकोच्या पिनांना ५ व्होल्ट कधीही देऊ नका.

पिनांची निवडही सोपी आहे. जीपी२ ते जीपी५ ही पहिली ओळ, जीपी६ ते जीपी९ दुसरी, जीपी१० ते जीपी१३ तिसरी. बोर्डाच्या कडेने मोजलं तर या पिना ४ ते ७, ९ ते १२ आणि १४ ते १७ अशा येतात, आणि मधल्या ८ व १३ क्रमांकांवर ग्राउंड आहे. चार बटणांची ओळ आणि लगेच ग्राउंड, असं आयतंच जुळतं. बारा बटणांची ग्राउंडची टोकं एका उघड्या तारेने साखळीसारखी जोडा आणि ती तार १३ क्रमांकाला न्या. पायको २ घेतलात तरी हीच जोडणी ठेवा. त्याच्या आरपी२३५० चिपच्या पहिल्या आवृत्तीत अंतर्गत पुल-डाउनमध्ये ज्ञात दोष आहे. इथे पुल-अप वापरल्यामुळे तो आडवा येत नाही.

सामान: पायको १, एमएक्स धाटणीचे स्विच १२ (दोन-तीन जादा घ्या), एक युनिटच्या कीकॅप १२, ०.८ मिमी सोल्डर, बारीक तार आणि डेटा जाणारी मायक्रो यूएसबी केबल. तारेसाठी जुन्या नेटवर्क केबलमधली एकेरी तांब्याची तार उत्तम, ती वाकवली तशी राहते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड, तार, सोल्डर सहज मिळेल. स्विच आणि कीकॅप मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतील.

स्विच बसवायची पट्टी हीच या कामातली खरी अचूकतेची जागा. भोक १४ × १४ मिमी, दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १९.०५ मिमी आणि पट्टीची जाडी १.५ मिमी. चार बाय तीनसाठी ७६.२ × ५७.१५ मिमी क्षेत्र होतं, चारही बाजूंना ५ मिमी कड सोडली तर साधारण ८६ × ६७. लेझर कापताना किरणाची जाडी भोकाला मोठं करते. म्हणून आराखड्यात १३.९ ठेवा आणि आधी एकच भोक कापून स्विच बसवून बघा. ३ मिमी ॲक्रिलिक किंवा एमडीएफ सहज मिळतं म्हणून ते घेतलं जातं, पण त्यात स्विचच्या बाजूच्या खाचा अडकतच नाहीत. मग कीकॅप काढताना स्विच पट्टीतून उपटून येतो आणि त्याच्यासोबत तारेचा सांधाही तुटतो. ३ मिमीच वापरायचं असेल तर मागून प्रत्येक स्विचच्या दोन कडांना गरम गोंद लावा, पण धातूच्या पिनांपासून दूर.

स्विचच्या दोन पिनांना उलट-सुलट नसतं. सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा आणि एका सांध्यावर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. जास्त वेळ तापवलं तर पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ होतं, पिन तिरकी होते आणि स्विच दाबताना कधी लागतो, कधी लागत नाही. हा दोष नंतर शोधायला फार चिवट. तारेचं टोक पिनेभोवती एक वेढा घालून मगच सोल्डर करा. नुसतं टेकवून केलेला सांधा काही महिन्यांत सुटतो.

फर्मवेअरसाठी क्यूएमके घ्या, हे खास कीबोर्डसाठीचं तयार फर्मवेअर आहे. विंडोजवर क्यूएमके एमएसवायएस बसवलं की लागणारी सगळी साधनं एकदम येतात. नवा कीबोर्ड बनवण्याचा आदेश दिला की तो नाव आणि चिप विचारतो. चिप आरपी२०४० सांगा. तयार झालेल्या जेसन फाइलमध्ये मॅट्रिक्स पिनांच्या जागी ‘डायरेक्ट’ हा प्रकार लिहून त्यात चार-चार पिनांच्या तीन ओळी भरा, डायोडच्या दिशेची ओळ काढून टाका. कीमॅपमध्ये एफ१३ ते एफ२४ लिहा. संकलनानंतर (कंपाइल केल्यावर) यूएफ२ फाइल मिळते. पायकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा, संगणकात पेन ड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसेल, त्यात ती फाइल टाका. बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होऊन कीबोर्ड म्हणून दिसतो. सोल्डरिंगच्या आधीच हे करून बघा. तारेचा एक तुकडा ग्राउंड आणि जीपी२ यांना टेकवला की एफ१३ गेला पाहिजे. हे आधी चाललं असेल तर नंतरचा दोष सोल्डरिंगमध्येच आहे हे पक्कं कळतं.

डबा बनवताना बूटसेलच्या वर ३ मिमीचं भोक ठेवा. क्यूएमकेमध्ये बूटमॅजिक चालू केलं तर पहिलं बटण दाबून केबल लावल्यावरही फर्मवेअर बदलायचा मार्ग उघडतो, पण चुकीचं फर्मवेअर गेलं तर ते भोकच कामी येतं. मायक्रो यूएसबीचं सॉकेट ओढाताण सोसत नाही, म्हणून केबल डब्याच्या आत एका प्लास्टिक टायने बांधून टाका.

एक दाब आणि दोन अक्षरं ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पहिल्या पॅडला येते. कारणं तीन असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. बटण दाबून तसंच धरा. दुसरं अक्षर सोडताना आलं तर दोष कोडमध्ये आहे: मॅक्रो लिहिताना कळ दाबली की सोडली हे तपासलेलं नाही, त्यामुळे तो दोन्ही वेळा चालतो. दाबतानाच दोन आली आणि सगळ्याच बटणांना हे होत असेल, तर डिबाउन्स, म्हणजे थरथर थांबेपर्यंत वाट बघण्याचा वेळ, कमी पडतोय. स्विचमधले धातूचे पत्रे एकमेकांना लागताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिपला ते अनेक दाब वाटतात. क्यूएमकेमध्ये मूळ ५ मिलिसेकंद असतात, ते १० करा. टायपिंगला फरक जाणवत नाही. एकाच बटणाला होत असेल तर आधी त्याचा सांधा पुन्हा वितळवून बघा, तरीही राहिलं तर स्विच बदला. एका वाईट स्विचसाठी सगळ्यांचा डिबाउन्स ३०-४० पर्यंत नेऊ नका, भरभर टाइप करणाऱ्याचे दाब त्यात गिळले जातात.

याच्या उलट, पहिल्या मार्गात तीनपैकी एखादा ठोका गळून ‘ज्ञ’ऐवजी ‘जञ’ उमटत असेल, तर ठोके फार वेगाने जात आहेत. रिमोट डेस्कटॉपवर हे हमखास होतं. प्रत्येक ठोक्यामध्ये १० ते २० मिलिसेकंद ठेवा.

पुढे साठ कळांचा पूर्ण कीबोर्ड करायचा झाला तर मात्र मॅट्रिक्सला पर्याय नाही. ५ ओळी आणि १२ स्तंभ म्हणजे १७ पिनांत ६० कळा बसतात. इथे प्रत्येक कळीला एक १एन४१४८ डायोड हवाच. डायोडशिवाय चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की प्रवाह आडवळणाने चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो आणि न दाबलेली कळ उमटते. शिफ्ट धरून लागोपाठ टाइप करताना हे वारंवार होतं, आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट सतत लागतो. डायोडची काळी पट्टी ओळीच्या तारेकडे ठेवा आणि फर्मवेअरमध्ये दिशा ‘स्तंभाकडून ओळीकडे’ ही लिहा. सगळे डायोड चुकून उलटे लागले असतील तर एकही काढू नका, फर्मवेअरमधली दिशा उलटी करा. एकच कळ मुकी असेल तर तिचा डायोड उलटा आहे किंवा सांधा सुटला आहे. पूर्ण स्तंभ मुका असेल तर बोर्डाकडे जाणारी तार बघा. दोन शेजारचे स्तंभ एकदम बोलत असतील तर पिनांमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे.

एक दोष मात्र मल्टीमीटरला सापडत नाही. दाबलेल्या कळीसोबत तिच्या बरोबर खालच्या ओळीतली कळही अधूनमधून उमटते. तारा लांब असल्या की स्तंभाची तार शून्यावरून पुन्हा ३.३ व्होल्टपर्यंत चढायला वेळ घेते, आणि तोवर चिप पुढची ओळ वाचून मोकळी होते. क्यूएमके दोन ओळींमध्ये ३० मायक्रोसेकंद थांबतं, ते ६० करा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रत्येक स्तंभाला ३.३ व्होल्टकडे १० किलोओहमचा रोधक जोडा.

बोर्ड संगणकाला दिसतच नसेल तर सगळ्यांत आधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतात आणि बोर्डाला वीज मिळत असल्यामुळे संशय तिच्यावर जात नाही. पॅडवर पासवर्डचं बटण ठेवायचा मोह होतो, तो टाळा. आरपी२०४० च्या बोर्डावरची फ्लॅश बूटसेल बटणाने कुणालाही वाचता येते आणि पासवर्ड तिथे उघडाच पडलेला असतो.